बाई, यंदा मत द्यायचं का?

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती: "मतदानाच्या दिवशी घरी बसला असाल तर का बसलात ते कळवा, नाव छापणार नाही." वाटलं होतं दहा-पाच पत्रं येतील. संपादकांनी पिशवीच आणून दिली. काही पत्रं वहीच्या फाडलेल्या पानांवर, काही आडतीच्या पावतीमागे, बाकी मोबाइलवर. निम्म्या पत्रांत शिव्याच आहेत. त्या छापता येत नाहीत, पण पोचल्या एवढं कळवते.

नवीन वाचकांसाठी दोन शब्द. मी लातूरची. वडील गंजात, म्हणजे आडत बाजारात, हमाल होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. शिक्षक म्हणजे निवडणुकीची हक्काची वेठबिगार, त्यामुळं नऊ निवडणुका मतदान केंद्रावर काढल्या. याद्या, शाई, लाख, सुतळी, सगळं हाताखालून गेलंय. पुढाऱ्यांबद्दल मला विशेष प्रेम नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं पत्र: आम्ही आष्टी तालुक्यातले. मी, बायको आणि आई. दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याला जातो. २०२४ ला हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० ला. आम्ही तिकडं घाटाखाली फडावर होतो. १९ च्या रात्री गाडी आली. कोणाची ते लिहीत नाही. तीन टोळ्या एका टेम्पोत कोंबल्या. सकाळी गावात उतरवलं, मत दिलं, वडापाव दिला, रात्री परत फडावर. बुडलेली तोड मुकादमानं उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशात) धरली. निवडून आलेला माणूस त्यानंतर वस्तीवर आलेला नाही. आई म्हणते मरेपर्यंत आता बोटाला शाई नको. मी म्हणतो अख्ख्या वस्तीनं बहिष्कार टाकावा. तुमचं काय म्हणणं? (एक कोयता)

दादा, आधी तुमच्या आईचं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जनावरासारखं टेम्पोत उभं करून नेलेल्या बाईला मतदानाचं पावित्र्य सांगायला माझी जीभ रेटत नाही.

कायद्याचं सांगायचं तर मतदारांना फुकट गाडीत घालून केंद्रावर आणणं हा उमेदवाराच्या बाजूनं भ्रष्ट आचार ठरतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच ते आहे. त्याच कायद्याचं कलम १३५ ब म्हणतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, अगदी रोजंदारीवाल्यालाही. म्हणजे तुमची बुडालेली तोड उचलीत धरायला नको होती. पण हे मी लातुरात पंख्याखाली बसून लिहितेय. मुकादमाकडं हजेरी नसते, कोणत्या कोयत्यानं किती टन तोडलं एवढंच असतं. कारखाना म्हणतो ही माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो माझ्या हातात काय आहे. कलम दाखवायचं कुणाला?

मला तुमच्या पत्रात खरं दुखणं तारखांचं दिसतं. लोकसभेला बीडचं मतदान १३ मे २०२४ ला झालं. तेव्हा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, तुम्ही घरी आलेले होतात. त्या निवडणुकीत बजरंग सोनवणे जिंकले, पंकजा मुंडे हरल्या, आणि फरक होता ६,५५३ मतांचा. कोण बरं कोण वाईट ते राहू द्या, आकडा बघा. कोयता म्हणजे दोन माणसं. सव्वातीन हजारांच्या थोडे वर कोयते झाले की तो फरक भरून निघतो. विधानसभा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुम्ही निघायच्या नाहीतर पोचायच्या वेळी. आणि जिल्हा परिषद? २०१७ ला आपल्याकडं मतदान १६ फेब्रुवारीला झालं, ऐन हंगामात. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, हातपंप ज्या कचेरीच्या हातात, तिथला माणूस निवडताना गावात कोण असतं? म्हातारी-कोतारी आणि कुलूप लावलेली दारं. त्यानंतर २०२२ ला तर प्रशासकच बसला, म्हणजे पुढची काही वर्षं निवडायचीही भानगड नव्हती.

मी ड्यूटीवर असले की मला टपाली मतपत्रिका मिळायची. सैनिकाला मिळते. पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांनी अर्ज भरला तर कर्मचारी घरी जाऊन मत घेतात. ऊसतोड्याला यातलं काहीच नाही. बाहेरगावी कामाला गेलेल्यांसाठी निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये एक यंत्र पक्षांपुढं ठेवलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथंच थांबली. शंका खऱ्या असतील, मी यंत्रातली तज्ज्ञ नाही. पण तुमच्यासाठी दुसरं काय करता, असं कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

आता बहिष्कार. एका बहिष्काराच्या गावात मी दिवसभर बसलेली आहे. गावाचं नाव नको. मागणी साधी होती, चार किलोमीटरचा रस्ता. आम्ही पाच जण आणि एक पोलीस, सकाळी सातला यंत्र लावून तयार. अकरापर्यंत पोलीस पाटील आणि कोतवाल, दोन मतं. समोर पारावर सगळं गाव बसलेलं, आमच्याकडं बघत. दुपारी एका म्हातारीनं पिठलं-भाकरी आणि ठेचा आणून ठेवला आणि म्हणाली, "तुमच्यावर राग नाही बाई, तुमी जेवा." चार वाजता तहसीलदारांची जीप आली, कागद दिला, सही-शिक्का सगळं. मग शेवटच्या दोन तासांत तीनशेच्या वर माणूस लागलं. सहा वाजले तेव्हा रांग शाळेच्या फाटकाबाहेर होती. आम्ही शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत आलो, कारण सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्या रस्त्याचं पुढं काय झालं? खडी पडली. डांबर माझ्या निवृत्तीपर्यंत तरी पडलेलं नव्हतं.

म्हणजे बहिष्काराला तहसीलदार येतो, कारण त्याला वर आकडा कळवायचा असतो. पुढारी येईलच असं नाही. तुमची वस्ती मत देणार नाही म्हटल्यावर ज्याला तुमची मतं मिळणारच नव्हती, त्याला तर आनंदच होणार.

आणखी एक गोष्ट, बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. मत कुणाला दिलं ते गुप्त असतं, पण मत दिलं की नाही ते गुप्त नसतं. पहिला मतदान अधिकारी मोठ्यानं नाव आणि अनुक्रमांक वाचतो, शेजारी बसलेले उमेदवारांचे एजंट आपापल्या यादीवर खूण करतात. ती यादी संध्याकाळी कार्यकर्त्याच्या खिशात जाते. कुठलं घर दर वेळेला कोरं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं पाठ असतं. नळ, घरकुल, गोठा, नावं घालायची वेळ आली की तो कोऱ्या घरांचा विचार शेवटी करतो. निर्लज्जपणा आहे, पण चालतं तसंच.

आणि कोऱ्या घराची मतं नेहमी कोरी राहतात असंही समजू नका. एका केंद्रावर दुपारी तीनच्या सुमाराला एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. यादीत बघते तर तिच्या नावापुढं आधीच खूण. सकाळीच कुणीतरी "ती" होऊन गेलं होतं. एजंट खाली मान घालून हसला. आमच्या केंद्राध्यक्षांनी नियम काढला. अशा मतदाराला प्रदत्त मत देता येतं. यंत्रावर नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर, आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची. म्हातारीनं मतपत्रिकेवर शिक्का मारला, घडी घातली, दिली. तो लिफाफा मतमोजणीत उघडत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच त्याला काही किंमत. हे मी तिला सांगितलं नाही. आजही ते टोचतं. तिनं जाताना विचारलं होतं, "पोचलं का माजं?" मी हो म्हणाले.

तुम्ही फडावर असताना तुमचं नाव यादीत इथं मोकळंच पडलेलं असतं, हे आईंना सांगा. पटलं तर पटलं.

माझे वडील पोती मोजायचे तेव्हा आडतीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायचे. चार उभ्या, पाचवी आडवी. दिवाणजीच्या वहीत आकडा कमी निघाला की बाकीचे हमाल शिव्या घालायचे. वडील काही न बोलता दिवाणजीला भिंतीजवळ न्यायचे. वर्ष-दोन वर्षांत दिवाणजी स्वतःच संध्याकाळी भिंत बघून मग वही लिहायला लागला. बाकीच्यांच्या शिव्या त्याला सवयीच्या झाल्या होत्या, त्यांचा त्याला त्रास नव्हता. तुमच्या वस्तीनं बहिष्काराऐवजी उमेदवारांपुढं एकच गोष्ट ठेवावी असं मला वाटतं: आमची मतदानं हंगामात घेऊ नका, आणि घेतली तर फडाजवळच्या गावात आमच्यासाठी पेटी लावायला भांडा. कोण आला, काय बोलला, कुठल्या तारखेला, ते भिंतीवर लिहून ठेवा. तुम्ही गेलात तरी भिंत गावातच राहते.

एक धोका आहे. हे मुकादमाच्या तोंडून करू नका. त्याच्यामार्फत गेलात तर वस्तीचा गठ्ठा तुमच्याआधी तोच विकून येईल.

मी दिवसा कॉलेज करतो, रात्री डाळमिलमध्ये पोती लावतो. सगळे सारखेच चोर आहेत. मी आणि माझे मित्र नोटा (वरीलपैकी कुणीही नाही) दाबणार. आपल्या लातूरनं २०१९ ला करून दाखवलंच आहे. (लातूर)

करून दाखवलं खरं. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मतं घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, नोटा होती, २७,५०० मतं. शिवसेनेचा उमेदवार तिच्या मागं, साडेतेरा हजारांवर. तेव्हा देशभर बातमी झाली होती.

पण बाळा, ते २७,५०० सगळे तुझ्यासारखे रात्रपाळीवाले होते असं समजू नकोस. ती जागा युतीत सेनेकडं गेली होती आणि इथल्या भाजपवाल्यांना ती आपल्याला हवी होती. त्यांची नाराजी तेव्हा उघड होती. तुझ्या पिढीला नोटा म्हणजे गरिबाचा संताप वाटतो. माझ्या मते त्या वर्षी तो बराचसा घरातल्या घरातला रुसवा होता. एवढा मोठा आकडा असाच पडत नाही, त्यालाही बूथवर राबणारी माणसं लागतात.

नोटा आली सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानं. विधानसभेला आणि लोकसभेला तिला बहुमत मिळालं तरी उमेदवारांत ज्याची मतं जास्त तो निवडून येतो. महापालिका, नगरपालिका या निवडणुकांत मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा नियम केला: नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही तीच पहिली आली तर मग तिच्यामागचा उमेदवार निवडून आलेला धरतात. तेव्हा बटण दाबायचंच असेल तर कुठल्या निवडणुकीत दाबतोयस ते बघ.

आणि त्याच लातूर ग्रामीणमध्ये पाच वर्षांनी, २०२४ ला, धीरज देशमुख भाजपच्या रमेश कराडांकडून हरले ते सात हजारांच्याही आतल्या फरकानं. २०१९ च्या एक लाख एकवीस हजारांच्या आघाडीवरून तिथं. ती उलथापालथ नोटानं केलेली नाही. सगळे सारखेच चोर असतील, मान्य. पण चोरांनासुद्धा आलटून-पालटून घरी बसवलं की ते जरा घाबरून असतात, हा माझा अनुभव.

गरीब वस्तीतले लोक पाचशे रुपये घेऊन मत विकतात आणि मग पाच वर्षं पुढाऱ्यांना शिव्या देतात. अशांना तक्रारीचा हक्क काय? स्पष्ट लिहा. (सेवानिवृत्त अधिकारी, छत्रपती संभाजीनगर)

स्पष्टच लिहिते साहेब. मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

पण आमच्या घरात घेतलेले आहेत. मी दहावीला होते. रात्री दहाला गल्लीत एक जण आला, दर घरी माणशी हिशेबानं कागदाची पुडी. वडील बोलले नाहीत, आईनं पुडी घेतली, डब्यात टाकली. माझी परीक्षेची फी त्यातून गेली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मत कुणाला दिलं ते मला माहीत नाही. आई गेली तेव्हाही माहीत नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "आपलेच पैसे हायेत की, लेका, फिरून आलेत." माझी फी कोणत्या पैशातून गेली याची मला लाज वाटते का? वाटते. तुम्ही म्हणता म्हणून नाही.

आता थोडं गणित करू, जुनी सवय आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. मतदार धरा तीन लाख. म्हणजे एका मतदारामागं तेरा रुपये तेहेतीस पैसे, त्यात मंडप, गाड्या, झेंडे, चहा सगळं. मग वस्तीत पाचशेची नोट कुठून येते? ती पाठवणारा तुमच्या-माझ्यापैकी कुणाच्या तरी कंत्राटावर, जमिनीवर, परवान्यावर वसूल करणार असतो. तुमचा सगळा राग घेणाऱ्या बाईवर आहे, पुडी भरणाऱ्यावर एक वाक्य नाही.

आणि राग मानू नका, पण तुमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक कधी बसले? बोअर, फाटक, गणपतीचा मांडव कुणाच्या बॅनरखाली? महिने मोजून बघा. वस्ती रोख घेते आणि सोसायटी वस्तूत घेते, ठरावाचं पुस्तक तेवढं तुमच्याकडं असतं.

राहिला हक्क. नोव्हेंबर २०२४ ला राज्यात मुंबई शहर जिल्ह्याचं मतदान बावन्न टक्क्यांच्या आसपास थांबलं आणि गडचिरोलीचं सत्तरीच्या पुढं गेलं. न जाणारे कोण आणि जाणारे कोण ते तुम्हीच बघा.

वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं आहे. मतदान गावाकडं, हिंगोली जिल्ह्यात. सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणाला, जा, पण उद्यापासून येऊ नको. तक्रार कुठं करू? (वाळूज)

वर सांगितलेलं १३५ ब तुम्हालाही लागू आहे. तक्रार जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी यांच्याकडं किंवा कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात करता येते, मतदानाआधी केली तर उपयोग जास्त. दंड किती ते ऐकून मात्र हसाल: पाचशे रुपयांपर्यंत. ठेकेदाराचा एका दुपारचा चहा-नाष्टा.

नाव वाळूजला आणायचं असेल तर नमुना ८ भरा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार तारखांचं सारखं ऐकायला येतं, त्या नव्यानं अठरा पूर्ण करणाऱ्यांसाठी. तुमच्या बदलाला त्यांची वाट बघायची गरज नाही. मला माहीत आहे तुम्ही हलवणार नाही. गावातलं नाव काढलं की घरकुलाचं जातं, भाऊबंद म्हणतात हा आता गावचा नाही, ही भीती मी कितीतरी घरांत बघितली आहे. पण वाळूजमध्ये तुमच्यासारखी हजारो माणसं राबतात, आणि तिथल्या पाण्यावर, खोलीभाड्यावर, रस्त्यावर बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या यादीत त्यातली बरीचशी नाहीतच. मग तो तुमच्यासाठी कशाला बोलेल?

ओळखपत्र हरवलं असेल तर गावाकडचं रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं, यादीत नाव असलं म्हणजे झालं. हे मी केंद्रावर कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही. माणसं ओळखपत्र नाही म्हणून दारातूनच परत जायची.

घरचे मालक म्हणतात लाडक्या बहिणीचे दीड हजार ज्यांनी दिले त्यांनाच मत दे, नाहीतर त्यांना कळतं आणि पैसे बंद होतात. खरं आहे का? (परभणी)

ताई, नाही कळत. यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तुमच्या हातात येत नाही, त्यावर तुमचं नावही नसतं.

अर्धी भीती मात्र खरी आहे, ती लपवत नाही. मोजणी केंद्रावार होते. त्यामुळं तुमच्या गल्लीनं मिळून कुणाला किती दिली ते मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. चौदा केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजणारं यंत्र आणा असं निवडणूक आयोगानंच २००८ मध्ये सुचवलं होतं. सरकारनं ते मान्य केलं नाही. का केलं नसेल, विचार करा.

आणि पैशांचं म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यात आठपैकी सात जागांवर सत्तेतले हरले. निकाल जूनमध्ये लागला, दीड हजार जुलैपासून सुरू झाले, आणि नोव्हेंबरात मराठवाड्याच्या ४६ जागांपैकी चाळीसच्या आसपास त्याच लोकांनी परत मिळवल्या. दीड हजार तुम्हाला कुणी प्रेमानं दिले नाहीत. एप्रिल-मेमध्ये तुमच्यासारख्यांनी दिलेल्या मतांनी ते काढून घेतले. मालकांना वाचून दाखवा.

बाई, तुम्ही कधी मत चुकवलंय का? खरं सांगा. (उदगीर)

एकदा. टपाली मतपत्रिका आली होती, टेबलावर पंधरा दिवस पडली. त्या वर्षी वडिलांच्या मजुरीतून कापलेल्या पैशाचा दाखला मिळवायला मी एका कार्यालयात अकरा चकरा मारल्या होत्या. ज्याच्या घरी शेवटी शब्द टाकायला गेले, त्यानं बाहेरच्या फरशीवर दोन तास बसवून ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेला. मतपत्रिकेवर पहिलं नाव त्याचंच होतं. मी लिफाफा फाडून चुलीत घातला. लई बरं वाटलं, संध्याकाळपर्यंत. तो निवडून आला.

मी चार घरची धुणी-भांडी आणि पोळ्या करते. मागच्या वेळी मत देऊन कामावर गेले तर एक मालकीण म्हणाली, शाईच्या बोटानं कणीक मळू नको. तिथून पुढं मत द्यायला जीव होत नाही. शाई कशानं जाते? (नांदेड)

ताई, कशानंच जात नाही. त्यात चांदीचा क्षार असतो, तो कातडीत बसतो. लिंबू, चुना, टूथपेस्ट, रॉकेल, सगळं लोकांनी करून बघितलंय. कातडी निघते आणि नख वाढतं तशी जाते, तीन-चार आठवडे धरा. शाई लावायचं काम मी दोन निवडणुका केलं. भांडी घासणाऱ्या बायांची, ऊसतोड्यांची बोटं इतकी चिरलेली असायची की मी आधी ओल्या फडक्यानं पुसून मग नखापासून पेरापर्यंत रेघ ओढायची, नाहीतर शाई भेगेत उतरायची.

वाळली की ती कणकेला लागत नाही. मी त्याच बोटानं भाकरी थापल्यात आणि घरच्यांनी खाल्ल्यात. मालकिणीला एवढंच म्हणा, "तुमचं बोट बघू." तिच्या बोटावर शाई असेल तर तिच्या कणकेचं ती काय करते ते विचारा, आणि नसेल तर मला पुढच्या पत्रात कळवा.